गळ्यात नळी असलेल्या मुलाचं घरचं सक्शन: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छिद्र करून नळी बसवण्याचं ऑपरेशन) झालेलं मूल घरी आलं की सगळ्यांची भीती एकाच क्षणाला चिकटलेली असते: कॅथेटर गळ्यात घालायचा तो क्षण. प्रत्यक्षात बहुतेक घोळ त्याच्या आधीच झालेले असतात. मशीनचा दाब कोणी तपासलेला नसतो, कॅथेटर किती आत जाऊ द्यायचा हे अंदाजावर सोडलेलं असतं, आणि मुलाचे ओठ काळेनिळे पडल्यावर घरभर कात्री शोधली जाते. म्हणून इथे निम्मी जागा तयारीला दिली आहे.

वॉर्डात नर्ससमोर स्वतःच्या हाताने सक्शन केलेल्या, सोलापूर भागातल्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे, आणि नळीची पहिली बदली हॉस्पिटलमध्ये झालेली आहे असं गृहीत धरलं आहे. हे दोन्ही झालं नसेल तर डिस्चार्ज घेऊ नका. घरातल्या किमान दोघांना सगळं आलं पाहिजे. एकट्या आईला शिकवून घरी पाठवलेलं मूल म्हणजे आईला ताप आला की बंद पडणारी व्यवस्था.

या लेखात "नळी" म्हणजे गळ्यात बसवलेली ट्रॅकची नळी "कॅथेटर" म्हणजे कफ ओढायची बारीक नळी आणि "सक्शन" म्हणजे मशीनने कफ ओढून काढणं.

## टप्पा १: डिस्चार्जआधी लिहून घ्यायचे आकडे

डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनची हकीकत असते, रोज लागणारे आकडे बहुधा नसतात. ते डॉक्टरांकडून एका जाड कागदावर लिहून घ्या आणि पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवा. त्यात एवढं हवं:

- नळीची कंपनी, आतला व्यास (उदा. ३.५ किंवा ४.० मिमी), नळीभोवती हवेचा फुगा आहे की नाही.
- कॅथेटरचा नंबर.
- कॅथेटर किती सेंटीमीटर आत घालायचा.
- मशीनचा दाब.
- ऑक्सिजन चालू असेल तर लिटर. ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटावरच्या मीटरवर या मुलाचा नेहमीचा आकडा किती, आणि कितीच्या खाली गेल्यावर धावायचं.
- नळी किती दिवसांनी बदलायची.
- नळी निघाली तर या मुलाला नाका-तोंडाने श्वास घेता येतो का?

शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि संकटात तोच सगळ्यात जास्त लागतो. काही मुलांचा वरचा श्वासमार्ग मोकळा असतो, नळी फक्त कफ काढायला किंवा व्हेंटिलेटरसाठी असते. काहींचा वरचा मार्ग पूर्ण बंद असतो. अशा मुलाच्या तोंडावर मास्क धरून काही उपयोग नाही. उत्तर मोठ्या अक्षरात लिहा: "वरचा रस्ता मोकळा" किंवा "वरचा रस्ता बंद".

कॅथेटरच्या नंबरचा साधा हिशेब आहे. नळीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, तो फ्रेंच नंबर (कॅथेटरच्या जाडीचं माप). ३.० च्या नळीला ६ नंबर, ४.० ला ८, ५.० ला १०. ३.५ ला हिशेबाने ७ येतो, पण दुकानात बहुधा ६ आणि ८ च मिळतात. त्यातला कोणता हे डॉक्टरांनी ठरवायचं. दुकानदाराने "हा पण चालतो" म्हणून दिलेला जाड कॅथेटर घेऊ नका. तो नळीत गच्च बसतो, बाजूने हवा आत यायला जागा राहत नाही, आणि कफाबरोबर फुफ्फुसातली हवाही ओढली जाते.

## टप्पा २: खोली आणि सोलापूरची हवा

नाक हवा गाळतं, ओली करतं, कोमट करतं. नळीवाल्या मुलाच्या बाबतीत ही तिन्ही कामं होत नाहीत. बाहेरची हवा जशी आहे तशी छातीत उतरते. एप्रिल-मे महिन्यात चाळिशी ओलांडलेली सोलापूरची कोरडी हवा कफाला काही तासांत डिंकासारखी चिकट करते. उन्हाळ्यात नळी बंद पडण्याचं मुख्य कारण हेच.

खोली निवडताना आधी धूळ बघा. शेजारी यंत्रमाग असेल तर कापसाचे तंतू खिडकीतून येतात. त्या बाजूची खिडकी बंद ठेवा आणि केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसा. घरात विड्या वळल्या जात असतील तर सूप, पानं आणि तंबाखू दुसऱ्या खोलीत. वळून झाल्यावर हात साबणाने धुऊन, साडीवर सांडलेली भुकटी झटकून मगच मुलाजवळ यायचं. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल त्या खोलीत नको. भंडारा आणि गुलाल उधळतात तिथे मुलाला नेऊ नका.

नव्या टॉवेलचे तंतू सुटतात. गळ्याजवळ वापरायचा टॉवेल चार-पाच वेळा धुऊन पातळ झालेला असावा. रात्री पांघरूण छातीपर्यंतच. चादर हनुवटीपर्यंत ओढली की नळीचं तोंड झाकतं.

कूलर चालेल, पण झोत सरळ गळ्यावर नको. टाकीतलं पाणी दर दोन दिवसांनी पूर्ण बदला आणि जाळ्या घासा. साचलेल्या पाण्यातली बुरशी त्याच झोताबरोबर छातीत जाते.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते बॅरलमध्ये साठवलं जातं. ते पाणी कॅथेटर धुवायला किंवा ऑक्सिजन ओला करायच्या बाटलीत (ह्युमिडिफायरमध्ये) थेट वापरू नका. खळखळून उकळी आल्यावर पाच मिनिटं उकळू द्या, झाकून गार करा, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं झाडांना घाला. बोअरचं पाणी उकळलं तरी क्षार तसेच राहतात. ह्युमिडिफायरच्या बाटलीसाठी डिस्टिल्ड वॉटर घ्या. ते औषधाच्या दुकानातून आणा, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं नव्हे.

## टप्पा ३: मशीन, दाब आणि वीज

सक्शन मशीन घेताना दाबाचा काटा आणि दाब कमी-जास्त करायचं बटण दोन्ही असलेलंच घ्या. लहान मुलांसाठी साधारण ८० ते १०० मिमी पारा पुरतो. मोठ्या मुलाला १२० पर्यंत. घरगुती मशीन पूर्ण उघडं सोडलं तर ५००-६०० च्या पुढे सहज जातं आणि तेवढा दाब श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढतो. काट्यावर किलोपास्कल असेल तर १०० मिमी म्हणजे सुमारे १३; मेगापास्कल असेल तर ०.०१३.

दाब बघायची पद्धत बहुतेकांची चुकते. मशीन चालू करून नुसता काटा बघितला तर तो कमीच दिसतो, कारण पाइप उघडा असतो. पाइपचं टोक अंगठ्याने घट्ट बंद करा, मग काटा जिथे थांबेल तो खरा दाब. बटण फिरवून तो हव्या आकड्यावर आणा, मगच कॅथेटर जोडा.

तपासा: पाइप बंद केल्यावरही काटा हलत नसेल तर बरणीचं झाकण तिरकं बसलं आहे, पाइप उलट्या तोंडाला लागला आहे, किंवा मधला गोल फिल्टर ओला झाला आहे. ओला झालेला फिल्टर वाळवून वापरू नका, बदला. एक जास्तीचा घरात असू द्या.

वीज जाणार हे धरूनच चाला. बॅटरीवर चालणारं मशीन असेल तर उत्तम. नसेल तर पायाने दाबायचं सक्शन मशीन सर्जिकल दुकानात मिळतं. ते घ्या आणि महिन्यातून एकदा चालवून बघा. अगदीच काही नसेल तेव्हा ५० मिलीच्या सिरिंजला कॅथेटर जोडून दट्ट्या ओढला तरी थोडा कफ निघतो. हे जोडून बघण्याचं काम आज करा. सिरिंजचं तोंड आणि कॅथेटरचं तोंड प्रत्येक कंपनीचं जुळतंच असं नाही.

इन्व्हर्टरचा हिशेब असा: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते, हाताशी सुमारे ११०० ते १२०० येतात. ३५० वॉटचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन) त्यावर तीन तासांच्या आसपास चालतो, तोही पंखे आणि टीव्ही बंद असतील तर. म्हणून कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरात भरलेला सिलिंडर हवाच. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ भिंतीवरच्या कागदावर लिहा. तासाभरात वीज येणार की रात्र जाणार हे कळलं तर सिलिंडरचं गणित करता येतं.

## टप्पा ४: मुलाबरोबर फिरणारी पिशवी

ही पिशवी कपाटात ठेवायची नाही. मूल ज्या खोलीत, तिथे ती. गच्चीवर नेलं तर गच्चीवर, रिक्षात बसवलं तर रिक्षात.

- त्याच मापाची एक नळी, फीत ओवून तयार.
- अर्ध्या मिलिमीटरने लहान दुसरी नळी. ४.० असेल तर ३.५.
- दोन्हींचे आतले दांडे (ऑब्च्युरेटर).
- बोथट टोकाची कात्री, जास्तीची फीत.
- पाण्यात विरघळणारी जेली. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल नको. ते फुफ्फुसात उतरतं.
- कॅथेटर, ग्लोव्हज, सलाईनच्या छोट्या कुप्या.
- अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मुलाच्या मापाचा मास्क.
- फुगा असलेली नळी असेल तर त्याची सिरिंज.
- खांद्याखाली ठेवायला गुंडाळलेला टॉवेल.

लहान मापाची नळी अनेक पिशव्यांत सापडत नाही, कारण "एक आहे ना जास्तीची" असं वाटतं. पण छिद्र आकसलं किंवा सुजलं की त्याच मापाची नळी जात नाही. तेव्हा लहानच वाचवते.

तपासा: दर रविवारी पिशवी उघडा. नळीच्या पाकिटावरची तारीख, जेलीची ट्यूब वाळली आहे का, अंबू बॅग दाबल्यावर हवा येते का.

## टप्पा ५: सक्शन कधी करायचं, कधी नाही

घड्याळ लावून दर दोन तासांनी सक्शन करू नका. प्रत्येक वेळी अस्तर थोडं खरचटतं, खरचटलं की आणखी कफ सुटतो, आणि मग खरंच दर तासाला करावं लागतं. खोकून कफ नळीच्या तोंडाशी आला असेल तर तो स्वच्छ गॉजने पुसून घ्या. आत जायची गरज नाही.

करायचं ते यासाठी: नळीतून घरघर ऐकू येते, छातीवर हात ठेवला तर खरखर हाताला लागते, श्वास जोरात चालतो, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, मूल चुळबुळतं किंवा दूध सोडून देतं, मीटरचा आकडा नेहमीपेक्षा खाली आला. सकाळी उठल्यावर, दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी कान लावून ऐका. पोट भरल्यावर लगेच सक्शन केलं तर उलटी होते, म्हणून आधीच करून घ्या. पण श्वास अडकला असेल तर पोट भरलेलं आहे म्हणून थांबायचं नाही.

मीटरवर फार विसंबू नका. आकडा खाली येतो तो उशिरा. बोट थंड असेल, मूल हलत असेल, नखावर मेंदी असेल तर तो खोटाही असतो. मीटरवरचे नाडीचे ठोके आणि मनगटावर मोजलेले ठोके जुळत असतील तरच त्याचं ऐका. आणि मूल काळंनिळं दिसतंय पण मीटर ९६ दाखवतोय, अशा वेळी मुलाकडे बघा.

## टप्पा ६: कॅथेटर किती आत जायचा ते मोजणं

याला स्वतंत्र टप्पा दिला आहे, कारण सगळ्यात जास्त इजा इथे होते. "अडेपर्यंत घालायचा, मग थोडा मागे घ्यायचा" ही पद्धत अजून अनेक घरांत चालते. कॅथेटर अडतो ती जागा म्हणजे श्वासनलिका जिथे दोन भागांत विभागते तो कंगोरा. रोज आठ-दहा वेळा तिथे टोक आपटलं की जखम होते, रक्त येतं आणि पुढे तिथे मांस वाढून रस्ताच अरुंद होतो.

१. पिशवीतली नको, जुनी बदललेली, धुतलेली त्याच मापाची नळी घ्या.
२. कॅथेटर तिच्यात वरून घाला.
३. कॅथेटरच्या टोकाजवळची बाजूची छिद्रं नळीच्या खालच्या टोकातून जेमतेम बाहेर आली की थांबा. साधारण अर्धा सेंटीमीटर बाहेर, जास्त नाही.
४. नळीच्या वरच्या तोंडाशी कॅथेटरवर कितवी खूण आली ते वाचा. तोच आकडा.
५. कॅथेटरवर खुणा नसतील तर तेवढ्या लांबीची पट्टी कापून पलंगाच्या कडेला चिकटवा आणि दरवेळी तिच्यावर मापून घ्या.

नळीचं माप किंवा कंपनी बदलली की आकडा बदलतो. भिंतीवरचा जुना आकडा खोडायला लोक विसरतात. नळीच्या तोंडावर फिल्टर किंवा जोडणी लावून मोजलं असेल आणि सक्शन करताना ती काढली असेल तरीही चूक होते. जसं मोजलं तसंच वापरा.

## टप्पा ७: प्रत्यक्ष सक्शन

१. साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, ग्लोव्हज घाला. घाईची वेळ असेल तर नुसते हात धुवा. ग्लोव्हज शोधत बसू नका.
२. मशीन चालू, दाब तपासलेला, वाटीत उकळून गार केलेलं पाणी.
३. कॅथेटर पाकिटातून काढताना पुढचा १० सेंमी भाग कशालाही लागू देऊ नका. तो गादीवर टेकला तर दुसरा घ्या.
४. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच आधी ऑक्सिजन वाढवा किंवा अंबूने तीन-चार श्वास द्या.
५. कॅथेटरच्या मागच्या टोकाजवळचं, अंगठ्याने झाकायचं छिद्र उघडं ठेवून, ठरलेल्या आकड्यापर्यंत कॅथेटर पटकन आत न्या.
६. अंगठ्याने छिद्र बंद करा आणि कॅथेटर दोन बोटांत फिरवत बाहेर काढा. न फिरवता सरळ ओढला तर एकाच बाजूचा कफ निघतो.
७. आत-बाहेर मिळून ५ सेकंद. १० च्या पुढे कधीच नाही. मोजायची सोपी युक्ती: स्वतः श्वास रोखून धरा; तुम्हाला गुदमरायला लागलं तर मुलाचं केव्हाच झालं आहे.
८. वाटीतलं पाणी ओढून कॅथेटर आतून साफ करा.
९. मुलाला अर्धा ते एक मिनिट द्या. रंग, श्वास आणि मीटर नेहमीसारखा झाला की गरज असेल तरच पुन्हा.
१०. नळी झाल्यावर त्याच कॅथेटरने नाक-तोंड करता येतं. उलट कधीच नाही. तोंडात गेलेला कॅथेटर पुन्हा नळीत घालू नका.

थांबा: तीन वेळा करूनही घरघर जात नसेल तर चौथ्यांदा घालण्याआधी विचार करा. कफ घट्ट आहे का? नळी अर्धवट बंद आहे का? की आवाज घशातल्या लाळेचा आहे?

बाहेर आलेला कफ बघून टाका. पांढरा, पातळ हा नेहमीचा. पिवळा-हिरवा, वास येणारा आणि जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. गुलाबी रेघ दिसली तर दाब आणि कॅथेटर किती आत जातो ते पुन्हा तपासा. बहुधा त्यातलं एक चुकलेलं असतं. लाल ताजं रक्त, थोडं का असेना आणि थांबलं तरी, तडक हॉस्पिटल.

## टप्पा ८: कफ घट्ट झाला तर

नळीत सलाईन टाकून मग ओढायचं, हे दरवेळी करायचं काम नाही. टाकलेल्यातलं बरंचसं परत येत नाही, खाली उतरतं, आणि मुलाला ठसका लागून ऑक्सिजन उतरतो. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर अर्धा ते एक मिली, तेही कॅथेटर हातात तयार असताना.

त्याआधी करायच्या गोष्टी जास्त उपयोगाच्या. दिवसभराचं दूध-पाणी पुरेसं जातं का ते बघा. लघवी गडद आणि कमी असेल तर तिथेच उत्तर आहे. नळीच्या तोंडावर बसवायचा ओलावा धरणारा फिल्टर (एचएमई) जागेपणी लावा. तो २४ तासांनी किंवा कफाने माखला की बदलतात, धुऊन पुन्हा वापरत नाहीत. कफ फार वाहत असेल तर तो लावू नका, बंद होतो. सांगितलं असेल तर साध्या सलाईनचं ३ मिली नेब्युलायझेशन, नळीच्या मास्कवरून; तेव्हा एचएमई काढायचा.

पातेल्यात पाणी उकळून वाफ देऊ नका, भाजतं. विक्स, कापूर, निलगिरी नळीजवळ नको.

## टप्पा ९: फीत आणि नळी बदलणं

फीत रोज बदला. उन्हाळ्यात घामाने मानेमागची कातडी सोलवटते. मूल बसतं करून मान किंचित पुढे झुकवली असताना फितीखाली तुमचं एक बोट जेमतेम जावं. झोपवून, मान मागे टाकून बांधलेली फीत उठल्यावर सैल पडते आणि खोकल्यासरशी नळी बाहेर येते. दोघं असाल तर एकाने नळी धरून ठेवायची. एकटे असाल तर नवी बांधून झाल्यावर जुनी कापा.

नळी बदलताना दोघं लागतात, आणि पोट रिकामं लागतं: दूध पाजून किमान दोन तास झालेले असावेत. सक्शन करून घ्या, खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे गळा ताणला जातो. नव्या नळीतला दांडा एकदा काढून-घालून बघा, टोकाला जेली अगदी पुसट लावा. फुगा असेल तर जुन्या नळीचा पूर्ण रिकामा करा. जुनी नळी तिच्या वळणाप्रमाणे बाहेर, आणि लगेच नवी मागे व खाली अशा वळणाने आत. दांडा ताबडतोब काढा. तो आत असताना मुलाला श्वास घेता येत नाही. नळीचे पंख बोटांनी दाबून ठेवा, तोंडापाशी तळहात धरून हवा लागते का बघा, दोन्ही बाजूंनी छाती उचलते का बघा, आणि फीत बांधून होईपर्यंत बोटं सोडू नका.

जात नसेल तर जोर लावू नका. गुंडाळी नीट करा, मुलाने श्वास आत घेताना पुन्हा प्रयत्न करा, नाहीतर लहान मापाची.

## टप्पा १०: नळी बंद पडली किंवा निघाली

लहान मुलांच्या बहुतेक नळ्यांना काढून धुता येईल अशी आतली नळी नसते. म्हणून बंद पडली की अख्खी बदलायची. क्रम पाठ असू द्या:

१. हाक मारा. दुसऱ्याने १०८ लावायचा. तुम्ही मुलाला सोडून फोनकडे जायचं नाही.
२. एचएमई, बोलायचा व्हॉल्व्ह, जे काही नळीवर असेल ते काढा. कधी कधी एवढ्यानेच सुटतं.
३. सक्शन. कॅथेटर ठरलेल्या आकड्यापर्यंत गेला आणि कफ निघाला तर ठीक.
४. कॅथेटर अडला तर ढकलत बसू नका. फीत कापा, नळी काढा, त्याच मापाची नवी घाला.
५. जात नाही? लहान मापाची.
६. तीही जात नाही? वॉर्डात शिकवलं असेल तर कॅथेटर छिद्रात थोडा घालून त्याच्यावरून लहान नळी सरकवा.
७. श्वास चालत नसेल तर अंबू. नळी बसली असेल तर नळीला जोडून. बसली नसेल आणि "वरचा रस्ता मोकळा" असेल तर गळ्याचं छिद्र बोटाने झाकून नाका-तोंडावर मास्क; "बंद" असेल तर छिद्रावर लहान गोल मास्क धरून. दर दोन-तीन सेकंदांनी एक, छाती उचलेल इतकाच.
८. मूल निपचित पडलं, प्रतिसाद नाही, तर वॉर्डात शिकवलेलं सीपीआर सुरू करा आणि मदत येईपर्यंत चालू ठेवा.

नळी काढायला लोक कचरतात, हीच इथली मोठी चूक. बंद नळी गळ्यात असण्यापेक्षा मोकळं छिद्र बरं. ज्या नळीतून हवा जात नाही ती काढून मूल आणखी धोक्यात जात नाही.

## टप्पा ११: ऑक्सिजन लागत असेल तर

बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरात सुमारे १५०० लिटर असतो. मिनिटाला १ लिटरने २५ तास, अर्ध्या लिटरने ५०, २ लिटरने साडेबारा. काटा निम्म्यावर म्हणजे हिशेबही निम्मा. पाव उरला की भरायला पाठवा. दिवाळीत आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत दोन दिवस आधीच.

रेग्युलेटरला तेल, तूप, तेलकट हात लागू देऊ नका. देवघरातली समई, गॅस आणि विडी-सिगारेट किमान तीन मीटर लांब. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा.

धोका: ऑक्सिजनची बारीक नळी ट्रॅकच्या नळीच्या तोंडात थेट खोचून घट्ट बसवू नका. हवा आत जाते, बाहेर यायला वाट राहत नाही आणि फुफ्फुस फुटू शकतं. नळीवरचा मास्क किंवा ऑक्सिजनची जोडणी असलेला एचएमईच वापरा.

## टप्पा १२: धुणं-पुसणं

सक्शनची बरणी दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करा, रोज साबणाने धुवा, पाइपमधून रोज साबणाचं आणि मग साधं पाणी ओढा. कॅथेटर एकदा वापरून टाकायचा हे सगळ्यात चांगलं. परवडत नसेल तर किती वेळा आणि कसा धुऊन वापरायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसता सलाईनच्या बाटलीत बुडवून ठेवलेला कॅथेटर स्वच्छ नसतो, त्या बाटलीतच जंतू वाढतात. उघडलेली सलाईन २४ तासांनंतर टाकून द्या. ह्युमिडिफायरच्या बाटलीत वरून भर घालू नका; रोज ओता, धुवा, नवं पाणी भरा.

अंघोळ बसवून, कमरेपर्यंतच्या कमी पाण्यात. डोक्यावरून तांब्या नको. केस मान मागे धरून धुवा.

## टप्पा १३: १०८ ला काय सांगायचं

"मुलाला श्वास लागलाय" एवढंच सांगितलं तर येणारी गाडी कोणत्या तयारीने येईल याचा भरवसा नाही. म्हणा: "गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची नळी असलेलं मूल आहे, वय इतकं, सक्शन आणि ऑक्सिजन असलेली डॉक्टरची गाडी हवी." मग पत्ता, जवळची खूण, फाट्यापासून कोणत्या बाजूला. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर असाल तर एकाला फाट्यावर उभं करा.

गाडी आली की भिंतीवरचा कागद आणि पिशवी दोन्ही बरोबर घ्या. सिव्हिलला पोहोचा किंवा खाजगीत, मुलाच्या मापाची नळी तिथे त्या क्षणी असेलच असं धरून चालू नका. ती तुमच्या पिशवीत असते. ताप, वाढलेला हिरवा कफ, वाढलेली ऑक्सिजनची गरज किंवा रोजच्या दुप्पट सक्शन, यातलं काही दिसलं तर १०८ ची वेळ येण्याआधीच, दिवसाउजेडी निघा.